वळायच्या आधी थोडं थांबा

दर शनिवारी दुपारी चारला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जी मंडळी पहिल्यांदा यायची, त्यांची आल्या आल्या फजिती व्हायची. टँगो शिकायचा म्हणून बिचारी हौसेनं बूट पॉलिश करून यायची, आणि बाई त्यांना खुर्च्यांवर बसवून ठेवायच्या. चांगला तासभर. त्या तासात जागेवरून उठायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि ऐकायचं तेही टँगो नव्हे, जुनी लोकगीतं. खिडकीपाशी मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसलेल्या वन्सं एकामागून एक गाणी म्हणायच्या. होडी परत न आलेल्या नावाड्याचं गाणं, मेंढरांची लोकर कातरताना म्हणायचं गाणं, लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणीला निरोप धाडणारं गाणं. कुणी रचली, कधी रचली, कुणाला पत्ता नाही.

एखादा उतावळा विचारायचाच, "बाई, नाच कधी सुरू करायचा?"

"तुमचा तर केव्हाच सुरू झालाय," बाई म्हणायच्या. "खाली बघा."

तो खाली बघायचा, तर बुटाच्या आत अंगठा ठेका धरत असायचा. मग तो ओशाळून गप्प बसायचा. नाही बसला, तर वन्सं गाणं तोडून चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. तुम्ही तर अजून अंगणात उतरलाही नाहीत!"

वन्सं म्हणजे बाईंची धाकटी नणंद. बाई त्यांना वन्सं म्हणत, म्हणून वर्गही वन्सं म्हणू लागला, आणि असं करता करता अर्ध्या गावाच्या त्या नणंद झाल्या. दातांचा डॉक्टर त्यांना वन्सं म्हणायचा, शाळेतले मुख्याध्यापक म्हणायचे, आणि नणंदेचा जो म्हणून मान असतो तो सगळा त्या वसूल करून घ्यायच्या. चहा आधी त्यांना, खिडकीजवळची खुर्ची त्यांना, आणि दुसऱ्याच्या चुका काढायचा हक्क तर उपजतच त्यांचा.

बाईंचं पोटापाण्याचं काम वेगळंच. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं. काउंटर, त्यामागे शिवणयंत्र, भिंतीवर लाकडी साचे टांगलेले, आणि सगळ्याला चामड्याचा नि गोंदाचा वास. बाईंच्या हाताला आरी अशी सरावली होती की बोलता बोलता टाका पडायचा. माणूस दारात उभा राहायच्या आधी त्या त्याचे बूट बघायच्या. टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे यावरून हा माणूस कसा उभा राहतो, कुठे रेलतो, घाईत असतो की निवांत, हे त्यांना कळायचं. चेहऱ्याचं पुढे बघू, असा त्यांचा हिशोब. वर्गात येणाऱ्यांचे रबरी तळ त्या आधी काढायला लावायच्या आणि त्या जागी गुळगुळीत चामडं बसवून द्यायच्या, कारण रबर जमिनीला धरून ठेवतं आणि टँगोत जमिनीवरून सरकावं लागतं.

टँगो त्यांच्या घरात आला तो नवऱ्याबरोबर. लग्नाआधी तो मालवाहू जहाजावर होता. दूरच्या एका बंदरात जहाजाचं यंत्र बिघडलं आणि सगळे चार महिने अडकून पडले. ज्या गावात टँगो जन्मला तेच ते गाव. देशोदेशींची माणसं पोटामागे तिथं गेलेली, कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, आणि घर तर सगळ्यांचंच मागे राहिलेलं. अशांनी एकमेकांना धरून चालायला सुरुवात केली, त्याचा हा नाच झाला, असं तो सांगायचा. चार महिन्यांनी तो परतला तो सहा कॅसेटी आणि हा नाच घेऊन. जहाज सोडलं, वडिलांचं दुकान धरलं, लग्न केलं. दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. तेव्हा शटर खाली ओढून, काउंटर आणि शिवणयंत्र यांच्यामधल्या पाच पावलांच्या जागेत त्यानं बायकोला टँगो शिकवला.

तो पुढे, ती मागे. म्हणजे नेणारा तो, जाणारी ती. टँगोत पावलं पाठ करून भागत नाही. नेणाऱ्याच्या छातीतून कळतं कुठे जायचंय, आणि जाणाऱ्यानं तिकडे जायचं. नेणाऱ्याला डोळे उघडे ठेवावेच लागतात, नाहीतर धडक ठरलेली. जाणाऱ्यानं मात्र मिटले तरी चालतात. बाई पहिल्या दिवसापासून मिटायच्या. एरवी त्यांचा स्वभाव असा की पोळी दुसऱ्यानं भाजली तरी उलटून बघणार. पण त्या दोन तासांत त्यांना काही बघावं लागायचं नाही. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी त्यांनी सगळं दुसऱ्यावर सोपवलं, आणि ते सुख काय असतं ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

नवरा गेला त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

तो गेल्यावर वर्षभरानं वन्सं अकॉर्डियन घेऊन दुकानात आल्या. "वहिनी, तू अशीच बसून राहिलीस तर भिंतीवरच्या साच्यांत तुझीही गणती होईल. हॉल मी बघते. तू शिकव." बाईंनी शिकवायला घेतलं, आणि पहिल्याच शनिवारी कळलं की वर्गाला बायका अकरा आणि पुरुष दोन. त्यातला एक बायकोला सोडायला आलेला. मग नेणारे आणायचे कुठून? बाईंनी पदर खोचला आणि स्वतः नेणाऱ्या झाल्या. नेण्याचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या छातीतून जे अंगाला कळायचं ते आठवून आठवून त्यांनी उलटं केलं; जिथे आपण मागे जायचो तिथे तो पुढे येत असणार, एवढ्यावरून. एकेक पाऊल असं उसवून काढलं आणि दुसऱ्या बाजूनं शिवलं.

तेव्हापासून त्या नेतच होत्या. बायकांना नेऊन दाखवायचं, पुरुषांना नेऊन दाखवायचं की असं न्या. दरसाल नवे लोक येत, नव्याचे नऊ दिवस संपले की गळत, काही टिकत. बाईंचे डोळे सताड उघडे. हा धडकेल, तिचा पाय तुडवला जाईल, तो खांबाकडे चाललाय. हॉलच्या मधोमध एक खांब होता आणि दरवर्षी कुणीतरी त्याला मिठी मारायचाच.

मनात एकच होतं. एकदा कुणीतरी न्यावं. एक गाणं. तीन मिनिटं डोळे मिटून चालता यावं, आणि त्या तीन मिनिटांत हॉलचं, खांबाचं, कुणाचंच काही बघावं लागू नये. इतकं साधं होतं की मागायची लाज वाटावी.

आणि मागता येतही नव्हतं. टँगोत तोंडानं विचारायची रीत नाही. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला बघायचं. तिकडून नजर मिळाली तर मान हलवायची. नाही मिळाली तर छताकडे बघायला मोकळे. नकाराची नाचक्की नाही. बाई ही रीत मोठ्या हौसेनं शिकवायच्या आणि नवखे लाजून लाल व्हायचे. एकदा मुख्याध्यापकांनी मान हलवली तर समोरच्या तीन बायका एकदम उठल्या. पण बाईंकडे कुणी बघायचं नाही. शिकवणाऱ्या बाईंना न्यायचं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याला बुडताना वाचवण्यासारखं. कुणाची छाती होणार?

त्या वर्षी पाहुणा आला. नाचाचे कार्यक्रम करत गावोगाव फिरणारा, चांगला नावाजलेला नर्तक. त्याच्या बुटाची टाच सुटली म्हणून तो दुकानात शिरला आणि शेल्फावरच्या कॅसेटी बघून तिथेच स्टुलावर बसला. बाईंनी टाच बसवेपर्यंत दोघांचं टँगोवर इतकं बोलणं झालं की गिऱ्हाइकं येऊन परत गेली. शनिवारी तो वर्गाला आला. नव्यांसोबत खुर्चीवर बसून त्यानं वन्संची सगळी गाणी मुकाट ऐकली आणि बहिणीच्या गाण्याला डोळे पुसले. वन्संनी तिथल्या तिथे त्याला चांगल्या घरातला ठरवून टाकलं.

मग कॅसेट लागली. पाहुण्यानं हॉलच्या त्या टोकावरून बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली.

बाईंनी आधी मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का. मागे भिंत होती. त्यांनी कानामागे केस सारले आणि मान हलवली. वन्संनी अकॉर्डियन पायाशी ठेवून हात मांडीवर घेतले.

त्यानं धरलं, बाईंनी डोळे मिटले, आणि दुसऱ्याच पावलाला दोघांचे गुडघे एकमेकांवर आदळले. पुन्हा सुरुवात केली. तो डावीकडे चालला, बाईंनी त्याला उजवीकडे ओढला. त्यांचे डोळे आपोआप उघडायचे, खांब शोधायचे. तिसऱ्या खेपेला तो थांबला. हसला, पण चांगल्या मनानं. "बाई, तुम्ही मला नेताय."

"हो," बाई म्हणाल्या. "सवय."

गाणं अर्ध्यात सोडून त्या चहाच्या थर्मासकडे गेल्या. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं आणि आपल्यालाच आत घेता आलं नाही, याहून वाईट काय असतं?

जाताना पाहुणा त्यांच्याजवळ आला. "राग मानू नका, एक सांगू? तुमची माणसं छान चालतात. पण वळताना सगळ्यांचा उजवा पाय मागे राहतो. क्षणभर थांबतात नि मग पाय ओढत आणतात. सगळेच्या सगळे. असं टँगोत नसतं. कुणी शिकवलंय त्यांना?"

"मीच," बाई म्हणाल्या. "वळायच्या आधी थोडं थांबा, असं मी सांगते. असंच असतं ते."

त्यानं वाद घातला नाही. मानेनं नमस्कार करून गेला.

हॉलला कुलूप लावून दोघी जिना उतरायला लागल्या. बाई पुटपुटत होत्या, असंच असतं, त्याला काय माहीत, माझा नवरा तिथल्या माणसांकडून शिकून आलेला. वन्सं एरवी कुणाला वाक्य पुरं करू देत नसत. आज त्यांनी बाईंना बोलू दिलं. मधल्या वळणावर कठडा धरून त्या थांबल्या.

"वहिनी, तो दादाचा गुडघा आहे."

"काय?"

"दादा जहाजाच्या जिन्यावरून पडला होता. उजवा गुडघा नीट वळायचाच नाही त्याचा. तुला माहीत नाही का? वळायच्या आधी जरा थांबायचा आणि मग पाय ओढून घ्यायचा. रस्त्यानं चालतानासुद्धा. तू नाचात डोळे मिटून घ्यायचीस, तुला वाटलं टँगोच तसा आहे." वन्संनी श्वास घेतला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दादाची तर मेल्यावरही गेली नाही. शंभर-दोनशे माणसांना तू दादाचा गुडघा शिकवलास."

आणि वन्सं हसायला लागल्या. हसता हसता जिन्यावर बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. बाई उभ्याच होत्या. गुडघा त्यांना माहीत कसा नसेल? त्यांनी स्वतः त्याला तेल चोळलं होतं, त्याच्या उजव्या बुटाचा चवडा दर सहा महिन्यांनी बदलला होता. पण जे दिवसभर दुकानात लंगडायचं आणि जे दोन ते चार त्यांना घेऊन वळायचं, ते एकच असेल, असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

आठवडाभर बाईंचं कामात लक्ष नव्हतं. एका वकिलाच्या बुटाला दोन्ही डाव्या टाचा लावून ठेवल्या. वन्संनी फोनवर सांगून पाहिलं, "राहू दे ना, कुणाला कळतंय? पाहुणा गेला त्याच्या वाटेनं." बाईंना ते पटत नव्हतं. चुकीच्या जागी पडलेला टाका दिसल्यावर तो तसाच ठेवून बूट गिऱ्हाइकाच्या हातात देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ही माणसं विश्वासानं येतात. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉलमध्ये नाचतील आणि लोक विचारतील की यांना झालंय काय. नाही, उसवायला हवं. ते मनाशी ठरवलं आणि त्या दुपारी दोन वाजता शटर खाली ओढून त्या नुसत्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या, चार वाजेपर्यंत.

शनिवारी गाणी संपल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं केलं. "मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलंय. वळताना थांबायचं नाही, पाय ओढायचा नाही. आज ते काढून टाकायचं." कारण त्यांनी सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरनं करून पाहिलं, त्याचा पाय मागेच राहिला. मुख्याध्यापकांचाही. एकदा अंगात बसलेलं सांगून निघतंय थोडंच! थांबणं नेमकं कुठून सुरू होतं तेच बाईंच्या ध्यानात येईना. स्वतः नेताना ते कळणार नव्हतं. ज्याला नेतात त्यालाच ते कळतं.

"पोस्टमन, इकडे या," त्या म्हणाल्या. "मला न्या."

पोस्टमन दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन गावात आलेला. दिवसभर चालणारा, दोन्ही टाचा सारख्या झिजलेला, आज्ञाधारक माणूस. बाईंनी जे सांगितलं ते त्यानं तसंच्या तसं घेतलं होतं, स्वतःचं काही न घालता. त्याचं धाबं दणाणलं. "मी? तुम्हाला? बाई, माझी चूक होईल."

"चूकच हवीय मला. नेहमीसारखं करा. सुधारायला जाऊ नका."

कॅसेट सुरू झाली. पोस्टमननं ओठातल्या ओठात आकडे मोजत बाईंना धरलं. चूक नीट पकडता यावी म्हणून बाईंनी डोळे मिटले.

चार पावलं सरळ गेली. पाचवं आलं, आणि वळणाआधी पोस्टमनच्या छातीत काहीतरी थबकलं. अर्धा श्वास. मग उजवा पाय मागून सावकाश ओढत आला, आणि बाई वळल्या. त्यांना काही करावं लागलं नाही. गुडघे आदळले नाहीत, डोळे उघडले नाहीत. त्यांचं अंग कधीच आडमुठं झालेलं नव्हतं; त्याला हा एकच नेणारा ओळखीचा होता. पुन्हा चार पावलं, पुन्हा तो थांबला. दुकानाचं शटर खाली होतं, चामड्याचा वास होता, पाच पावलांवर शिवणयंत्र होतं आणि म्हणून इथे वळायचं होतं. तूच आहेस, बाई मनात म्हणाल्या. किती दिवस झाले रे. मी कुठे कुठे बघत बसले, आणि तुला मीच यांच्या पायांत ठेवून दिलं होतं.

गाणं संपलं. बाईंनी लगेच डोळे उघडले नाहीत. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या.

पोस्टमननं घाबरत विचारलं, "बाई, सापडली का चूक?"

"सापडली," बाई म्हणाल्या. "एकदा पुन्हा करा. नीट बघू दे."

त्यानं पुन्हा केलं.

मग बाई पाणी प्यायल्या, त्यांनी केस सारखे केले आणि त्या कामाला लागल्या. चूक आता त्यांना नेमकी माहीत होती. पाचव्या पावलाला नेणारा श्वास अडवतो, तिथून ती सुरू होते. त्यांनी दातांच्या डॉक्टरला धरलं आणि त्याचा श्वास मोकळा केला. दहा मिनिटांत त्याचा पाय सरळ यायला लागला. मग मुख्याध्यापक. मग बँकेतल्या दोघी बहिणी, मग नर्स, मग छपाईवाला आणि त्याची बायको. एकेकाच्या छातीवर हात ठेवून, "थांबू नका, थांबू नका" म्हणत बाईंनी प्रत्येकाच्या पायातून तो गुडघा काढला. सहाला पाच कमी असताना हॉलमध्ये सगळे सरळ वळत होते. दिसायलाही ते छान दिसत होतं, पाहुणा म्हणाला होता तसंच.

पोस्टमन आपली पाळी कधी येते म्हणून खांबाजवळ उभा होता. "बाई, माझं राहिलं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आज वेळ झाली. तुमचं पुढच्या शनिवारी बघू."

पुढच्या शनिवारी त्यानं आठवण केली, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या.